इंग्रजीत दोन वाक्ये जोडताना अचूक उभयान्वयी अव्यय कसे निवडावे?

राजेंद्रनगर_इंदूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी पीथमपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. विभागातील तरुण अभियंत्यांनी इंग्रजीत लिहिलेले अहवाल, सूचनाफलक आणि ग्राहकांना जाणारी पत्रे बाहेर जाण्यापूर्वी माझ्या नजरेखालून जातात. ही मुले हुशार आणि कष्टाळू आहेत. बहुतेकांचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे आणि काहींच्या घरी आमच्यासारखीच मराठी बोलली जाते. त्यांच्या लेखनातील काळ, वचन, स्पेलिंग या बाबी आता बऱ्याच सुधारल्या आहेत. परंतु दोन वाक्ये एकमेकांना जोडण्याची वेळ आली की अर्थ बिघडतो. तीन नमुने देतो.

पहिला नमुना यंत्रावर लावायच्या फलकाच्या मसुद्यातील आहे : "डू नॉट स्टार्ट द मशीन अनटिल द गार्ड इज नॉट क्लोज्ड." लिहिणाऱ्याला असे म्हणायचे होते की, जोपर्यंत संरक्षक जाळी बंद होत नाही तोपर्यंत यंत्र सुरू करू नये. इंग्रजी नीट जाणणाऱ्याला मात्र या वाक्यातून असा बोध होतो की, जाळी उघडी होईपर्यंत थांबावे आणि मग यंत्र सुरू करावे. म्हणजे सूचना नेमकी उलटी झाली, आणि ती सुरक्षेची सूचना आहे.

दुसरा : "ऑलदो द मोटर वॉज रिपेअर्ड, बट इट स्टॉप्ड अगेन." तिसरा : "वी स्टॉप्ड द लाइन बिकॉज द ऑपरेटर कॅन चेंज द टूल." या तिसऱ्या वाक्यातील प्रत्येक शब्द वेगवेगळा पाहिला तर बरोबर आहे, पण ग्राहकाला त्यातून असे वाटते की, ऑपरेटरला टूल बदलता येते हेच आम्ही काम थांबवण्याचे कारण म्हणून सांगत आहोत.

मी दुरुस्ती करून देतो, पण पुढच्या आठवड्यात तीच चूक नव्या वाक्यात परत येते. याद्या पाठ करून घेण्याचा मार्ग मला पुरेसा वाटत नाही. अव्ययाची निवड कशी करायची, हेच शिकवण्याची काही रीत असेल तर जाणकारांनी कृपया विस्ताराने लिहावे.

रामबाग_वाचक

धागाकर्त्यांनी दिलेली वाक्ये फार नेमकी निवडली आहेत. मी अनेक वर्षे इंदूरमध्ये शाळेत इंग्रजी शिकवले असल्याने ही तिन्ही वाक्ये माझ्या चांगल्या ओळखीची आहेत. त्यांचे मूळ एकच आहे. लिहिणाऱ्याने आपल्या भाषेतील जोडणारा शब्द उचलला आणि त्याच्यासाठी इंग्रजी प्रतिशब्द शोधला. जोडशब्दांच्या बाबतीत हा मार्ग चालत नाही, कारण दोन भाषांनी वाक्ये जोडण्याच्या कामाची वाटणी निरनिराळ्या तऱ्हेने केलेली असते. माझ्या मते विद्यार्थ्याने आधी दोन विधानांमधील नाते ठरवावे आणि त्यानंतर शब्द शोधावा. दुसरे विधान पहिल्यात नुसती भर घालते, त्याला विरोध करते, त्याचे कारण सांगते, परिणाम सांगते, हेतू सांगते, अट घालते, की त्याची वेळ ठरवते?

मराठी व्याकरणात हे काम फार सुबकपणे केलेले आहे. प्रधानत्वबोधक उभयान्वयी अव्ययांमध्ये समुच्चय, विकल्प, न्यूनत्व आणि परिणाम असे चार प्रकार येतात, तर गौणत्वबोधकांमध्ये स्वरूप, कारण, उद्देश आणि संकेत. इंदूरच्या मुलांसाठी येथे एक खुलासा आवश्यक आहे. हिंदीत 'समुच्चयबोधक' हे या संपूर्ण शब्दजातीचे नाव आहे, मराठीत मात्र ते 'आणि', 'व' यांच्यासारख्या एका पोटप्रकाराचे नाव आहे. हिंदी माध्यमात शिकलेल्या मराठी मुलांचा यावरून हमखास गोंधळ होतो, म्हणून वर्ग सुरू करतानाच ते स्पष्ट करावे.

आता वाक्यांकडे वळू. आपण मराठीत 'जोपर्यंत जाळी बंद होत नाही, तोपर्यंत' असे म्हणतो, आणि हिंदीतही 'जब तक' बरोबर 'नहीं' येते. नकार आपल्या रचनेत रूढ आहे. इंग्रजीतील 'अनटिल' मात्र ज्या क्षणी स्थिती बदलते त्या क्षणाकडे बोट दाखवते, आणि तो क्षण जाळी बंद होण्याचा आहे. त्यामुळे त्याच्या उपवाक्यात नकार घातला की तो खराखुरा नकार होतो. यावर उपाय आपल्याच भाषेत आहे. मुलांना 'जोपर्यंत… नाही, तोपर्यंत' ही रचना बाजूला ठेवायला सांगावे आणि तेच वाक्य '-ईपर्यंत' लावून म्हणायला सांगावे : 'जाळी बंद होईपर्यंत यंत्र सुरू करू नका.' या मराठी वाक्यात नकार एकदाच आहे आणि तो योग्य जागी आहे. त्यावरून "डू नॉट स्टार्ट द मशीन अनटिल द गार्ड इज क्लोज्ड" हे वाक्य सहज तयार होते. त्याचप्रमाणे '-ल्याशिवाय' ही रचना 'अनलेस'कडे नेते. 'परवानगी मिळाल्याशिवाय आत जाऊ नये' याचे "डू नॉट एंटर अनलेस यू हॅव परमिशन" असे होते, आणि 'अनलेस'च्या पोटातच नकार असल्याने त्याच्या उपवाक्यात दुसरा नकार सहसा लागत नाही. या दोन शब्दांतील भेदही येथेच सांगून टाकावा. जी गोष्ट पुढे घडणार असे गृहीत आहे आणि फक्त तिची वाट पाहायची आहे, तेथे 'अनटिल'. जी घडेल किंवा घडणारही नाही, आणि न घडल्यास काय हे सांगायचे आहे, तेथे 'अनलेस'.

दुसऱ्या वाक्यात 'जरी–तरी' ही आपली जोडी उतरली आहे. 'जर–तर', 'जेव्हा–तेव्हा', 'जसे–तसे', 'जरी–तरी' अशा जोड्यांनी वाक्य दोन्ही बाजूंनी बांधण्याची मराठीची पद्धत आहे, आणि ती मला मनापासून सुंदर वाटते. इंग्रजीला अशा सांध्यावर एकच शब्द पुरतो. राहुल द्रविड यांचा जन्म इंदूरचा, पण ते खेळले कर्नाटकाकडून. "ऑलदो राहुल द्रविड वॉज बॉर्न इन इंदूर, ही प्लेड फॉर कर्नाटक." किंवा "राहुल द्रविड वॉज बॉर्न इन इंदूर, बट ही प्लेड फॉर कर्नाटक." दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, पण त्यांचा तोल वेगळा आहे. 'बट' दोन्ही गोष्टींना सारखे वजन देते. 'ऑलदो' जन्माची गोष्ट गौण करते आणि वाचकाचे लक्ष कर्नाटकाकडे नेते. द्रविड यांच्यावर लिहिणारा पहिले वाक्य निवडेल. इंदूरवर लिहिणाऱ्याने तर क्रम बदलून "ऑलदो ही प्लेड फॉर कर्नाटक, राहुल द्रविड वॉज बॉर्न इन इंदूर" असे लिहावे.

तिसऱ्या वाक्याचे मूळ 'म्हणून' या अव्ययात आहे. 'टूल मोडले म्हणून लाइन थांबवली' आणि 'टूल बदलता यावे म्हणून लाइन थांबवली' या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच शब्द पुरतो. पहिल्यात कारण आहे, दुसऱ्यात हेतू. ओळखण्याची खूण 'म्हणून'च्या आधीच्या क्रियापदात असते. तेथे 'मोडले', 'आहे', 'आला' असे प्रत्यक्ष स्थिती सांगणारे रूप असेल तर इंग्रजीत 'बिकॉज' किंवा 'सो' येईल. तेथे 'यावे', 'व्हावे', 'पडू नये' असे रूप असेल तर 'सो दॅट' येईल. म्हणून : "वी स्टॉप्ड द लाइन सो दॅट द ऑपरेटर कुड चेंज द टूल." हेतूच्या 'सो दॅट'नंतर सहसा कॅन, कुड, विल, वुड यांपैकी एखादे सहाय्यक क्रियापद येते आणि मुख्य वाक्य भूतकाळी असेल तर कुड किंवा वुड, हे याच वेळी सांगून ठेवावे.

भंवरकुआं_अभ्यासिका

ताई, आपले लिखाण वाचून पुष्कळ गोष्टी स्पष्ट झाल्या. मी स्पर्धा परीक्षांची तयारी करत आहे आणि आमच्या शिकवणीत मात्र हा विषय याद्यांच्या रूपानेच येतो : 'नो सूनर'नंतर 'दॅन', 'हार्डली' आणि 'स्केअर्सली'नंतर 'व्हेन', 'लेस्ट'नंतर 'शुड', 'ऑलदो'नंतर 'यट'. चूक ओळखण्याच्या प्रश्नांत या यादीवर गुण मिळतात आणि वेळही वाचतो. नात्याचा विचार करत बसण्याइतका वेळ परीक्षेत नसतो. शिवाय आपण 'ऑलदो'नंतर एकच शब्द पुरतो असे लिहिले आहे, तर आम्हाला 'ऑलदो–यट' ही जोडी शुद्ध म्हणून शिकवतात. यापैकी काय मानावे?

रामबाग_वाचक

परीक्षेच्या गरजेबद्दल मला पूर्ण आदर आहे आणि ठरलेल्या जोड्या लक्षात ठेवाव्याच लागतात. परंतु त्यांच्यामागचे कारण कळले तर त्या विसरत नाहीत. 'सूनर' हे 'सून'चे तुलनादर्शक रूप आहे, आणि 'टॉलर दॅन', 'बेटर दॅन' यांप्रमाणेच तुलनेनंतर 'दॅन' येणार हे उघड आहे. 'हार्डली' आणि 'स्केअर्सली' यांत तुलना नाही, त्यांचा अर्थ 'जेमतेम' असा आहे, म्हणून पुढे वेळ दाखवणारे 'व्हेन' किंवा 'बिफोर' येते. हे तिन्ही नकारार्थी ढंगाचे शब्द वाक्याच्या आरंभी आले की सहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी जाते : "नो सूनर हॅड द बेल रंग दॅन द चिल्ड्रेन रॅन आउट." 'लेस्ट'मध्येही 'न जाणो, असे होऊ नये' हा नकार आधीच आहे, त्यामुळे "लेस्ट यू शुड नॉट फॉल" असे लिहिणे अर्थाच्या विरुद्ध जाते.

'ऑलदो–यट' जुन्या इंग्रजी गद्यात सापडते आणि आपल्याकडील परीक्षांच्या पुस्तकांनी ती जोडी जपून ठेवली आहे. तेथे 'यट'चे काम 'तरीही' असे जोर देणाऱ्या क्रियाविशेषणाचे असते. परीक्षेत पर्यायांमध्ये 'बट' आणि 'यट' असे दोनच असतील तर 'यट' निवडावे. स्वतःचे लेखन करताना स्वल्पविराम देऊन पुढे जावे. आजचे चांगले इंग्रजी तसेच लिहिले जाते.

न्यायालयीन_मसुदा

इंदूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ असल्याने आमच्यासारख्या मसुदे लिहिणाऱ्यांचा दिवस इंग्रजी वाक्यांच्या सांध्यांतच जातो. 'आणि', 'किंवा' हे शब्द सोपे समजून त्यांच्यावर कोणी वेळ घालवत नाही, म्हणून त्यांच्याविषयी थोडे लिहितो.

भारतीय दंड संहितेच्या ३७९व्या कलमात चोरीची शिक्षा सांगताना तीन वर्षांपर्यंतचा कारावास, 'ऑर विथ फाइन, ऑर विथ बोथ' अशी शब्दरचना होती. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, परंतु ही रचना कायद्याच्या भाषेत रुजलेली आहे आणि तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. केवळ 'कारावास ऑर दंड' असे लिहिले असते तर दोन्ही एकत्र देता येतील की एकच, असा प्रश्न उभा राहिला असता, कारण 'ऑर' कधी 'दोहोंपैकी एकच' या अर्थाने येते तर कधी 'एक अथवा दोन्ही' या अर्थाने. 'ऑर विथ बोथ' या तीन शब्दांनी तो प्रश्न मिटवला. याउलट खुनाच्या ३०२व्या कलमात मृत्युदंड किंवा जन्मठेप, 'अँड शॅल ऑल्सो बी लाएबल टु फाइन' अशी रचना होती. तेथे दंड हा पर्याय नसून शिक्षेतील भर आहे. एका ठिकाणी 'ऑर' आणि दुसऱ्या ठिकाणी 'अँड' असल्यामुळे न्यायाधीशांपुढील पर्यायच बदलतात. कार्यालयीन पत्रात "कागदपत्र अ ऑर कागदपत्र ब जोडावे" असे लिहिणाऱ्यानेही हा विचार करावा. एकच पुरे असेल तर 'आयदर… ऑर' लिहावे, दोन्ही हवे असतील तर 'बोथ… अँड'.

दुसरा मुद्दा नकार आणि 'बिकॉज' एकत्र आल्यावर होणाऱ्या घोळाचा. "द अपील वॉज नॉट डिसमिस्ड बिकॉज इट वॉज फाइल्ड लेट." अपील फेटाळले गेले की नाही? एका वाचनानुसार फेटाळले गेले नाही. दुसऱ्या वाचनानुसार फेटाळले गेले, पण उशीर हे त्याचे कारण नव्हते. बोलताना आवाजाच्या चढउताराने अर्थ कळतो, कागदावर कळत नाही. स्वल्पविरामाने थोडी मदत होते, पण एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीचा भार स्वल्पविरामावर टाकू नये असे माझे स्पष्ट मत आहे. वाक्यच मोडून लिहावे : "द अपील वॉज डिसमिस्ड, बट नॉट बिकॉज इट वॉज फाइल्ड लेट."

बडोदेकर_वाचक

बडोद्याहून लिहीत आहे. रामबागच्या ताईंनी 'अनटिल'विषयी लिहिले ते आमच्याकडेही तंतोतंत लागू पडते, कारण गुजरातीतही 'ज्यां सुधी… न आवे, त्यां सुधी' अशी नकाराची रचना आहे. येथील मराठी मुले घरी मराठी आणि बाहेर गुजराती बोलतात, त्यामुळे दोन्हीकडून तीच सवय लागते. '-ईपर्यंत'चा उपाय मी माझ्या पुतण्यावर लगेच करून पाहीन. एक शंका आहे : कारण सांगण्यासाठी 'बिकॉज', 'सिन्स' आणि 'अ‍ॅज' असे तीन शब्द असताना कोणता केव्हा वापरावा? शब्दकोशात तिन्हींसमोर 'कारण' असेच दिलेले असते.

भाषाशास्त्र_विद्यार्थिनी

या शंकेचे उत्तर, वाचकाला काय आधीपासून माहीत आहे यावर अवलंबून आहे. कारण हीच नवी माहिती असेल आणि तिच्यावर जोर द्यायचा असेल तर 'बिकॉज', आणि ते बहुधा वाक्याच्या उत्तरार्धात येते, कारण इंग्रजी वाक्यात नवी व वजनदार माहिती शेवटाकडे ठेवण्याचा कल असतो. कारण वाचकाला ठाऊकच आहे आणि त्यावरून पुढची गोष्ट सांगायची आहे, अशा वेळी 'सिन्स' किंवा 'अ‍ॅज', आणि ते बहुधा आरंभी. "सिन्स अहिल्याबाई रूल्ड फ्रॉम महेश्वर, द टाउन हॅज मेनी बिल्डिंग्ज फ्रॉम हर टाइम" या वाक्यात अहिल्याबाईंची राजधानी महेश्वरला होती हे वाचक जाणतो असे लेखकाने धरले आहे. ज्या वाचकाला ते ठाऊक नाही, त्याच्यासाठी क्रम उलटा करून शेवटी 'बिकॉज' लिहावे.

याची एक सोपी कसोटी आहे. 'व्हाय' असा थेट प्रश्न विचारला तर उत्तर 'बिकॉज'नेच सुरू होऊ शकते. "व्हाय आर यू लेट?" याला "सिन्स द बस वॉज लेट" असे उत्तर इंग्रजी भाषक देत नाही, कारण प्रश्न विचारला गेला याचाच अर्थ ते कारण ऐकणाऱ्याला माहीत नाही.

'सिन्स' आणि 'अ‍ॅज' यांच्यावर वेळ दाखवण्याचेही काम आहे, हे विसरू नये. "सिन्स ही लेफ्ट इंदूर, द शॉप हॅज बीन क्लोज्ड" यात तो गेल्यापासून दुकान बंद आहे, की तो गेल्यामुळे? "अ‍ॅज द टेंपरेचर रोज, वी स्टॉप्ड द टेस्ट" यात तापमान वाढत असताना, की वाढल्यामुळे? तांत्रिक अहवालात असा संदिग्धपणा परवडत नाही, म्हणून धागाकर्त्यांच्या सहकाऱ्यांना मी एवढेच सांगेन की अहवालात कारण सांगायचे तर सरळ 'बिकॉज' वापरावे. वाक्याच्या आरंभी 'बिकॉज' येऊ नये असे शाळेत अनेकांना शिकवलेले असते. तसा नियम इंग्रजीत नाही. मुख्य वाक्य न लिहिता नुसते 'बिकॉज'चे उपवाक्य लिहून पूर्णविराम देणे औपचारिक लेखनात टाळावे, एवढेच त्या शिकवणीतील तथ्य आहे.

राजेंद्रनगर_इंदूर (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. '-ईपर्यंत', '-ल्याशिवाय' आणि 'म्हणून'च्या आधीचे क्रियापद या तीन खुणा मी मुलांना सांगितल्या आणि त्या त्यांना लगेच पटल्या, कारण त्या त्यांच्या बोलण्यातल्याच आहेत. आता पुढच्या अडचणी मांडतो.

एक म्हणजे 'करून', 'घेऊन', 'जाऊन' यांची. 'पोहे खाऊन कामावर गेलो' याचे "आय वेंट टु वर्क बाय ईटिंग पोहा" असे भाषांतर होते. दुसरी 'हाउएव्हर' आणि 'देअरफोर' यांची : "द पार्ट वॉज ओके, हाउएव्हर द पॅकिंग वॉज डॅमेज्ड." हे मला खटकते, पण नेमके का खटकते ते मुलांना समजावता येत नाही. आणि तिसरी, 'इफ' व 'इन केस' ही दोन्ही अव्यये सगळीकडे अदलाबदल करून वापरली जातात.

रामबाग_वाचक

'खाऊन' यातील 'ऊन' क्रम दाखवते : आधी एक क्रिया, मग दुसरी. इंग्रजी अशा ठिकाणी साधेपणाने दोन पूर्ण क्रियापदे 'अँड'ने जोडते : "आय एट पोहा अँड वेंट टु वर्क." 'बाय'नंतर साधन किंवा रीत येते. 'बटण दाबून यंत्र थांबवले' येथे "बाय प्रेसिंग द बटन" अगदी योग्य आहे. पोहे हे कामावर जाण्याचे साधन नाही. मुलांनी प्रत्येक 'करून'च्या पुढे मनात 'आणि मग' घालून पाहावे; वाक्य जमले तर 'अँड', न जमता 'च्या साहाय्याने' जमले तर 'बाय'. मात्र मराठीप्रमाणे चार-पाच क्रिया एका दमात ओवू नयेत. तिसऱ्या क्रियेनंतर इंग्रजी वाक्य थांबवावे हे बरे.

'हाउएव्हर', 'देअरफोर', 'मोअरओव्हर' हे शब्द अर्थाने जोडणारे असले तरी व्याकरणाने क्रियाविशेषणे आहेत. दोन स्वतंत्र वाक्यांना धरून ठेवण्याची शक्ती 'बट', 'सो', 'अँड' यांच्यात आहे, ती यांच्यात नाही. पुरावा हवा असेल तर शब्द हलवून पाहावा. "द पॅकिंग, हाउएव्हर, वॉज डॅमेज्ड" असे होऊ शकते. "द पॅकिंग, बट, वॉज डॅमेज्ड" असे होत नाही. जो शब्द वाक्यात असा फिरू शकतो तो सांधा होऊ शकत नाही, म्हणून त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा : "द पार्ट वॉज ओके; हाउएव्हर, द पॅकिंग वॉज डॅमेज्ड." 'डिस्पाइट' आणि 'बिकॉज ऑफ' यांची गोष्ट याहून निराळी, पण तितकीच महत्त्वाची आहे. ती शब्दयोगी आहेत, त्यांच्यापुढे नाम येते, पूर्ण वाक्य येत नाही : "डिस्पाइट द रेन", पण "ऑलदो इट रेन्ड". आणि 'डिस्पाइट ऑफ' असे कधीही नसते; 'ऑफ' हे 'इन स्पाइट'बरोबर येते.

'इफ'मध्ये क्रिया अट पूर्ण झाल्यावर होते, 'इन केस'मध्ये सावधगिरी म्हणून आधीच केली जाते. "कॉल द सुपरवायझर इफ द अलार्म रिंग्ज" म्हणजे घंटा वाजली तरच बोलवा. "कीप अ स्पेअर फ्यूज इन केस द ओल्ड वन फेल्स" म्हणजे जुना फ्यूज जाईल न जाईल, नवा आजच जवळ ठेवा. मराठीत पहिल्याला 'वाजली तर' आणि दुसऱ्याला 'गेलाच तर असावा म्हणून' असे म्हणता येईल. आगीच्या फलकावर दिसणारे 'इन केस ऑफ फायर' मात्र 'आग लागल्यास' याच अर्थाचे आहे, कारण 'इन केस ऑफ' ही नामापूर्वी येणारी स्वतंत्र रचना आहे. आपले सहकारी बहुधा तो फलक रोज पाहत असल्यामुळे गोंधळत असावेत. याच वाक्यांत आणखी एक गोष्ट तपासावी : 'इफ', 'व्हेन', 'अनटिल', 'इन केस' यांच्या उपवाक्यात पुढे घडणारी गोष्टही साध्या वर्तमानकाळात येते. "व्हेन द मटेरियल विल कम" चुकीचे, "व्हेन द मटेरियल कम्स" बरोबर.

भंवरकुआं_अभ्यासिका

ताई, आपण सर्वांनी लिहिलेले वाचून मी इंदूरच्या क्रिकेटवर एक परिच्छेद जोडून पाहिला आहे. कृपया तपासावा.

"ऑलदो सी. के. नायडू वॉज बॉर्न इन नागपूर, ही मेड इंदूर हिज होम. बिकॉज ही लेड द होळकर टीम, इट वॉन द रणजी ट्रॉफी फोर टाइम्स. मुश्ताक अली वॉज बॉर्न इन इंदूर, सो ही स्कोअर्ड अ सेंच्युरी अ‍ॅट मँचेस्टर इन १९३६."

रामबाग_वाचक

पहिले वाक्य निर्दोष आहे. नागपूरचा जन्म आणि इंदूरचे घर यांत अपेक्षेला छेद देणारे काही आहे, तो छेद 'ऑलदो'ने दाखवला आणि मागून 'बट' आणले नाही.

दुसरे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, तरीही मी ते बदलेन. 'बिकॉज' लिहिताच आपण असा दावा करता की नायडू यांचे नेतृत्व हेच चार विजेतेपदांचे कारण होते. त्या संघात मुश्ताक अली होते, चंदू सरवटे होते, हिरालाल गायकवाड होते. नेतृत्वाचा वाटा मोठा होता असे आपल्याला म्हणायचे असेल तर ते वेगळ्या वाक्यात पुराव्यासह म्हणावे. येथे हाताशी फक्त दोन घटना आहेत, आणि त्यांच्यासाठी "ही लेड द होळकर टीम, अँड इट वॉन द रणजी ट्रॉफी फोर टाइम्स" एवढेच प्रामाणिक आहे.

तिसऱ्या वाक्यात तर 'सो'ला आधारच नाही. इंदूरला जन्म झाल्याचा परिणाम म्हणून मँचेस्टरला शतक होत नाही. येथेही 'अँड' हवे. किंवा जन्माची माहिती गौण करून "मुश्ताक अली, हू वॉज बॉर्न इन इंदूर, स्कोअर्ड अ सेंच्युरी अ‍ॅट मँचेस्टर इन १९३६" असे लिहावे. त्या डावात त्यांनी विजय मर्चंट यांच्यासह सलामीला २०३ धावांची भागीदारी केली होती. ती सांगायची असेल तर शतकाच्या वाक्याला 'अँड' लावून तेथेच जोडावी. नायडू आणि मुश्ताक अली यांची तुलना करायची असेल तर पहिल्या व तिसऱ्या वाक्यांतील जन्मस्थाने समोरासमोर आणावीत : "नायडू वॉज बॉर्न इन नागपूर, व्हेअरअ‍ॅज मुश्ताक अली वॉज बॉर्न इन इंदूर इटसेल्फ." येथे 'व्हाइल' लिहिले तरी चालते, पण 'व्हाइल'चा 'त्याच वेळी' हाही अर्थ असल्याने, दोन जन्मांविषयीच्या वाक्यात मी 'व्हेअरअ‍ॅज'च निवडेन.